संगमरवरातली आजी: पुण्यातील एका व्यक्तिशिल्प कार्यशाळेविषयी

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेल्या एका शिल्पकाराच्या कार्यशाळेतून आम्ही आमच्या आजीचा संगमरवरी अर्धपुतळा करून घेतला, त्याविषयी हा अभिप्राय. आजीने सदाशिव पेठेत आयुष्यभर खाणावळ चालवली. पुण्यात पुतळे होतात ते बहुधा राजांचे, पुढाऱ्यांचे आणि समाजसुधारकांचे. त्यामुळे पोळ्या लाटून घर चालवलेल्या बाईचा चेहरा दगडात किती आदर्श करावा, हा प्रश्न कामाच्या पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होता.

शिल्पकाराचा ओढा उघडपणे नवअभिजात शैलीकडे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये कानोव्हा आणि त्याच्यानंतर थॉर्वाल्डसन या शिल्पकारांनी ग्रीक-रोमन शिल्पांचा आदर्श समोर ठेवून जी नितळ, संयत व्यक्तिशिल्पे घडवली, त्यांत बुबुळे बहुधा कोरलेली नसतात आणि चेहरा क्षणिक भावापासून मुक्त असतो. आपल्याकडे गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना १८९६ मध्ये केलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही प्लास्टरमधील मूर्ती याच दृष्टीची वारस आहे: नेसूचे नऊवारी लुगडे, पण उभे राहण्याचा डौल ग्रीक देवतेचा. याच्या अगदी उलट, इटलीतील जेनोव्हा शहराच्या स्ताल्येनो दफनभूमीत सुकामेव्याच्या माळा विकणाऱ्या कातेरिना कांपोदोनिको हिने स्वतःच्या कमाईतून १८८१ मध्ये जो पुतळा करवून घेतला, त्यात तिचे वय, शालीच्या झालरी आणि हातातल्या माळा, सारे जसेच्या तसे आहे. आम्हाला या दोन टोकांच्या मधले काही हवे होते.

मातीचे पहिले मॉडेल पाहून आम्ही निराश झालो. कपाळ निर्मळ, मान उंच, नाक सरळ. ती कोणाचीही आजी असू शकली असती. शिल्पकाराने मात्र आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि एका बाजूने प्रकाश टाकून आमच्यासमोरच बदल केले. कपाळाच्या सुरकुत्या त्याने परत आणल्या नाहीत, आणि ते मला आता योग्य वाटते. परंतु कुड्यांच्या भाराने लोंबलेल्या कानाच्या पाळ्या आणि हिशेब करताना आत दाबला जाणारा खालचा ओठ त्याने नेमका पकडला. एवढ्याने ती आमची झाली. चेहऱ्यावरचे श्रम पुसूनही माणूस ओळखू येतो, तेव्हाच आदर्शीकरण सन्मानाचे ठरते, असे माझे ठाम मत आहे.

दगड राजस्थानातल्या मकराण्याचा. तो निवडताना पाणी ओतून शिरा तपासल्या गेल्या. प्लास्टरच्या प्रतीवर खुणा करून त्या मापाने छन्नीकाम झाले. गालावरचा शेवटचा हात शिल्पकाराने स्वतः फिरवला. सकाळच्या उन्हात प्रकाश दगडात किंचित मुरतो आणि गाल खरोखर मऊ भासतो.

उणिवा दोन. काम ठरल्यापेक्षा बरेच लांबले, आणि काळ्या ग्रॅनाइटचा सोनेरी अक्षरांचा चौथरा या संयत चेहऱ्याला मुळीच शोभत नाही. तो आम्ही बदलून घेणार आहोत. दर मात्र कामाच्या मानाने रास्त वाटला.

काम देणाऱ्यांनी समोरच्या फोटोबरोबर दोन्ही बाजूंचे फोटो अवश्य न्यावेत आणि मातीच्या टप्प्यावरच स्पष्ट बोलावे, कारण दगडात कोरलेले परत भरता येत नाही. घरी आणल्यावर पुतळ्याला कुंकू किंवा तेल लावू नये. संगमरवरात डाग मुरतात. लिंबानेही तो पुसू नये, कोरडे मऊ फडके पुरेसे आहे.