'सार्जंट पेपर': मोनो की स्टिरिओ?

भाचा अडलाय, "मामा, बीटल्सचा हा अल्बम मोनोत ऐकू की स्टिरिओत?"

मोनो म्हणजे सगळा आवाज दोन्ही कानांत सारखा; स्टिरिओ म्हणजे डावीकडे-उजवीकडे वेगळा वाटलेला. १९६७ साली मोनोच्या मिक्सिंगला, म्हणजे वाद्यं-गळे जुळवून एकत्र करायला, बीटल्स स्वतः बसले. स्टिरिओ मागाहून, त्यांच्याविना, थोडक्यात उरकलं. फरक कानाला कळतो. यातलं 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं मोनोत जरा जलद, वरच्या पट्टीत आहे. स्टिरिओत तेच रेंगाळतं. मला तर रडकं वाटतं.

हेडफोनवर त्या काळचं स्टिरिओ छळतं. त्यांचाच १९६५ चा अल्बम 'रबर सोल' लावून बघ: बऱ्याच गाण्यांत वाद्यं डावीकडे, गळा उजवीकडे. उजव्या कानावरचा हेडफोन काढला की गायकच गायब!

मिळायला स्टिरिओ सोपं. मोनोचा संच २००९ साली निघाला, तो शोधावा लागतो.

घरी एकच स्पीकर असेल तर मोनोच. दिवसभर हेडफोन लावणाऱ्या तुझ्यासारख्याला 'सार्जंट पेपर'चं २०१७ चं नवं स्टिरिओ मिक्स बरं.