पिवळ्या छत्रीचं टोक: कारवाल्यांसाठीच्या ट्रक-वर्गाचा अनुभव

मी 14 वर्षं गाडी चालवतेय आणि इतकी वर्षं माझी पक्की समजूत होती की ट्रकवाला उंचावर बसतो, म्हणजे त्याला सगळं दिसतं. दिसत असूनही तो अंगावर येत असेल, तर तो माजोरडाच. गेल्या महिन्यात मी एका ट्रेलरला ओव्हरटेक करून त्याच्या पुढे लेनमध्ये शिरले. तेवढ्यात पुढची रांग थांबलेली दिसली म्हणून ब्रेक दाबला. मागून प्रेशर हॉर्न असा काही वाजला की स्टिअरिंगवरचे हात थरथरले. शेजारी बसलेली लेक मागे वळून म्हणाली, "आई, काचेत नुसती जाळी दिसतेय." ट्रेलरची पुढची जाळी, बाकी काही नाही. तो थांबला, आम्ही वाचलो. घरी आल्यावर तिनेच ट्रकांच्या आसपास कार कशी चालवायची ते शिकवणारा हा वर्ग शोधला आणि दोघींची नावं घातली.

अर्ध्या दिवसाचा वर्ग, आठ जणांची तुकडी, एक मोठं मोकळं मैदान, एक लांब नाकाचा ट्रक, एक ट्रेलर आणि आपापल्या गाड्या. शिकवणारे सर स्वतः 26 वर्षं ट्रक चालवून आता शिकवण्याकडे वळलेले.

पहिला एक तास खोलीत, पडद्यासमोर. तो सरळ कापून टाकावा असं माझं मत आहे. माइक खरखरत होता आणि अपघातांचे व्हिडिओ एकामागोमाग एक. चौथ्या व्हिडिओनंतर माणूस शिकत नाही, नुसता डोळे मिटून घेतो. त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली, ती ट्रेलरच्या मागे खाली लावलेल्या आडव्या लोखंडी पट्टीची. 1967 साली जेन मॅन्सफील्ड ही अमेरिकन अभिनेत्री ज्या गाडीत होती, ती ट्रेलरच्या मागून आत घुसली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेत त्या पट्टीला आजही मॅन्सफील्ड बार म्हणतात. कारचं बॉनेट ट्रेलरच्या पाट्याखालून सरळ आत जातं आणि पहिला मार थेट काचेला बसतो. पट्टी आहे ती हे टाळायला. मी इतकी वर्षं ती नंबरप्लेट लावायला असते असं समजत होते.

खरा वर्ग सुरू होतो तो केबिनमध्ये. सरांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. चढताना तीन पायऱ्या आणि एक दांडी, साडी नेसून आले नाही हे बरं केलं. वर बसल्यावर आधी मजाच वाटली, अख्खं मैदान पायाखाली. मग सर खालून म्हणाले, "ताई, तुमची गाडी कुठाय?"

लाल, छोटी, आठ वर्षांची जुनी. ती मीच दहा मिनिटांपूर्वी ट्रकच्या पुढे लावली होती. समोर बघितलं तर नाकाचा पत्रा आणि त्यापलीकडे मैदान. गाडी नाहीच. मला वाटलं कुणीतरी हलवली. सर म्हणाले, "जागची हलली नाही. आता पोरगी बघा." लेक माझ्या गाडीच्या आणि ट्रकच्या मधे उभी होती, हात हलवत होती असं तिनं नंतर सांगितलं. मला दिसलं ते तिच्या पिवळ्या छत्रीचं टोक. तेही तिनं छत्री डोक्याच्या वर धरली म्हणून.

मग तिला एकेक पाऊल मागे जायला सांगितलं. केस, कपाळ, चष्मा. पूर्ण चेहरा दिसेपर्यंत ती बरीच मागे गेली होती. सरांनी टेप लावून दाखवली. मोठ्या ट्रकच्या समोर साधारण 6 मीटर आणि मागे साधारण 9 मीटर जागा ड्रायव्हरच्या नजरेबाहेर असते, असा त्यांचा हिशोब. बाजूंनाही आहेच. ड्रायव्हरकडच्या बाजूला कमी, क्लीनर साइडला भयंकर. त्या बाजूला दाराखाली एक अख्खी कार उभी केली होती. मला आरशात ट्रेलरची भिंत दिसत होती आणि वरच्या काचेतून आकाश.

"ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी रस्त्यावर नाहीच." हे वाक्य ते दिवसभरात सहा वेळा म्हणाले. सहाव्या वेळी आम्ही सगळे त्यांच्याबरोबरच म्हणालो.

ब्रेकचा भागही छान होता, फक्त एक खोट होती. आम्हाला ट्रकमध्ये बसवून 50 च्या वेगावर कचकन ब्रेक मारला. पाय दाबल्यापासून चाकं धरेपर्यंत मधे एक बारीकसा रिकामा क्षण जातो, मग फुस्स आवाज आणि मग धक्का. कारच्या ब्रेकमध्ये तेल असतं, ते लगेच धरतं. ट्रकमध्ये हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचावी लागते, त्यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. 90 च्या वेगाला गाडी सेकंदाला 25 मीटर पळते, म्हणजे तेवढ्यात 12 मीटर गेलेसुद्धा, अजून ब्रेक लागायचाच आहे. पूर्ण भरलेला 36 टनी ट्रेलर 105 च्या वेगावरून थांबायला साधारण 160 मीटर घेतो, कार 95 ते 100. आपण जेव्हा "जागा आहे की" म्हणून त्याच्या समोर शिरतो, तेव्हा ती जागा त्याने थांबण्यासाठी राखलेली असते. मी शिरले ती जागा हीच.

खोट अशी की वर्गातला ट्रक रिकामा होता. मी विचारलं तर सर मोकळेपणानं म्हणाले, भरलेल्या गाडीत माणसं बसवून असे ब्रेक मारणार नाही. पटलं. पण मग भरलेला ट्रक आत आम्हाला न बसवता ब्रेक मारताना बाहेरून बघायला तरी ठेवावा. आकडे ऐकणं वेगळं आणि ट्रक आपल्या अंदाजाच्या पुढे, आणखी पुढे घसरत जाताना बघणं वेगळं. टँकरचं मात्र त्यांनी पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीवर दाखवलं. टँकर थांबला तरी आतलं पाणी थांबत नाही, ते पुढे आदळतं आणि उभ्या गाडीला पुढे ढकलतं. सिग्नलला टँकरच्या नाकाला चिकटून उभं राहू नये ते यासाठी. चढावर त्याच्या मागेही चिकटू नये, निघताना तो थोडा मागे सरकतो.

वळणाचा प्रयोग सगळ्यात जास्त रंगला. ट्रेलरला डावीकडे वळायचं, डावा इंडिकेटर चालू, आणि गाडी चालली उजवीकडे. माझ्या मागचे काका लगेच बोलले, "बघा, यांना इंडिकेटरसुद्धा धड देता येत नाही." डावीकडे मोकळी झालेली जागा तर अशी की बघणाऱ्याला वाटावं, दिली आपल्याला वाट. त्या जागेत सरांनी कारच्या आकारात नारिंगी शंकू मांडले होते. ट्रेलर वळला. पुढची चाकं शंकूंपासून लांबून गेली, मागची चाकं कोपरा कापत आली आणि दोन शंकू सरळ चपटे करून गेली. आवाजसुद्धा आला नाही. काका त्यानंतर जरा वेळ गप्प होते.

शेवटचा पाऊण तास आपल्या गाडीत, बाजूला सर, आणि ट्रेलर मैदानाच्या लांब कडेने सावकाश चालतोय. ओव्हरटेक करायचा, पण रेंगाळायचं नाही. ट्रकच्या शेजारी समांतर चालत राहणं ही माझी खोड निघाली. मला वाटायचं मी जपून चालवतेय. "ताई, निघा किंवा मागे राहा," इतकंच ते म्हणत. पुढे गेल्यावर आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट पूर्ण दिसल्याशिवाय लेनमध्ये यायचं नाही, आणि आल्यावर लगेच वेग कमी करायचा नाही. हे दोनच नियम माझ्या रोजच्या उपयोगाचे ठरले. गेल्या आठवड्यात महामार्गावर तसं केलं तर ट्रकवाल्यानं हेडलाइट एकदा मिचकावले. शिवी होती की आभार, कळलं नाही. मी आभार धरले.

तक्रारी आहेतच. पाऊण तासात आठ जणांना मिळून गाडी चालवायला मिळते, म्हणजे माणशी दोन चकरा. रात्रीचं काहीच नाही, आणि ट्रकचे मोठे आरसे बघता मागून हाय बीम पडल्यावर ड्रायव्हरचं काय होत असेल ते एकदा केबिनमध्ये बसवून दाखवायला हवं. ट्रकच्या मागच्या चाकांतून पावसात उडणारं पाणी, जोराच्या वाऱ्यात उंच गाडीचं डोलणं, उतारावर गिअर पाडून येणारा भरलेला ट्रक, हे सगळं पाच मिनिटांत उरकलं. खोलीतला तास यांना द्या की. शिवाय प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकवलंय आणि दुरुस्तीसाठी दोन वेळा सांगूनही अजून आलेलं नाही.

तरी पाचपैकी चार देते, आणि ते चारही सरांना. लायसन्स नुकतंच निघालेल्या मुलांना आवर्जून पाठवा. त्यांच्याबरोबर स्वतःही जा, विशेषतः "मला कशाला, मी किती वर्षं चालवतोय" म्हणणाऱ्यांनी. सकाळची तुकडी घ्या, दुपारी केबिन तापून भट्टी होते. मैदानावर सावलीला एक झाड नाही, तेव्हा छत्री न्या. लांब दांड्याची असेल तर बरं.