जुन्या गाडीसाठी मल्टिमीटर आणि स्पार्क टेस्टर: काही महिने वापरल्यावर

कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवाल्या (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवणारा भाग) पेट्रोल गाडीला स्कॅनर लावायची सोयच नसते. स्टार्ट होत नसेल तर साधा डिजिटल मल्टिमीटर, गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर आणि सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज एवढ्यावर भागतं. त्यातलं सत्तर टक्के काम मीटरच करतो, पण सेल्फ मारत असताना लावला तरच.

उभ्या गाडीत चार्ज बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते आणि 12.2 म्हणजे निम्मी. पण थकलेली बॅटरीही 12.5 दाखवते आणि सेल्फ मारला की 7 वर कोसळते. म्हणून प्रोब क्लॅम्पवर न धरता बॅटरीच्या पोलवरच धरा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. आकडा 9.6 च्या खाली जाता कामा नये. बॅटरी 11 च्या वर टिकून आहे आणि तरी स्टार्टर कण्हतोय, तर करंट वाटेत अडतोय. एक प्रोब निगेटिव्ह पोलवर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना 0.2 पर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. केबल ओहमवर तपासण्यात अर्थ नाही. आत एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्यच दाखवतो.

स्वस्त मीटरची खोड अशी की ऑटोरेंजमध्ये आकडा स्थिर होईपर्यंत सेल्फ मारून झालेला असतो. रेंज हाताने 20 व्होल्टवर ठेवा. सर्वात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं मिन-मॅक्स बटण असलेला मीटर मिळाला तर तोच घ्या. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल तपासताना आधी प्रोब एकमेकांना टेकवा. वायरींचाच 0.3 ओहम येतो, तो वजा करा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोधक) नसलेल्या कॉइलची प्रायमरी, म्हणजे 12 व्होल्टच्या बाजूचं वेटोळं, साधारण 3 ओहम, असलेल्या कॉइलची दीड. दीडची कॉइल थेट 12 व्होल्टवर जोडली की पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) जळतात. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की लगेच बंद पडतं, तर आधी बॅलास्ट बघा. स्टार्टिंगला तो बायपास होतो, नंतर मात्र सगळा करंट त्याच्यातूनच जातो.

स्पार्क टेस्टर घेताना निऑन दिवा लुकलुकणारा घेऊ नका. स्पार्क अशक्त असला तरी तो दिवा लागतोच. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवणंही फसवं, कारण मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते, कॉम्प्रेशनखाली तीच मरते. पॉइंटवाल्या इग्निशनला टेस्टरची गॅप 6 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. निळी, कडकन वाजणारी ठिणगी हवी. बारीक पिवळट आली तर कॉइल, कंडेन्सर नाहीतर पॉइंट. सुरुवात कॉइलच्या मधल्या वायरपासून करा. तिथे चांगली आणि प्लगपाशी नाही, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर किंवा प्लगची वायर. कॉइलपाशीच नसेल तर मीटर कॉइलच्या निगेटिव्हवर. चावी चालू ठेवून पॉइंट उघडले की 12, मिटले की जवळजवळ शून्य. मिटल्यावरही अर्धा व्होल्ट उरला तर पॉइंटवर तेलकट थर आहे. पॉइंटची गॅप बहुतेक ठिकाणी 0.4 मिलिमीटर असते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मात्र ठिणगीची वायर अधांतरी सोडून सेल्फ मारू नका, मॉड्यूल (पॉइंटच्या जागी असलेलं सर्किट) जातं.

कॉम्प्रेशन गेज आटे असलेला घ्या, रबर दाबून धरायचा प्रकार गळतो. सगळे प्लग काढून, कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मापायचं. सगळ्या सिलिंडरमध्ये दाब कमी आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतंय, तर टायमिंग बेल्टची शंका घ्या. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरणारा असेल तर कॅप उघडून सेल्फ मारला तरी कळतं: रोटर जागचा हलत नाही.

पेट्रोलसाठी वेगळं काही घेतलं नाही. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने उघडा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. पेट्रोलची धार उडाली तर बाउलमध्ये (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा कप्पा) पेट्रोल आहे.

मीटरसोबत येणाऱ्या वायरी कडक पडून मुळाशी तुटतात. सिलिकॉनच्या वायरी आणि दोन मगर क्लिप वेगळ्या घ्याव्या लागल्या. क्लिप असल्या की सेल्फ मारायला दुसरा माणूसही लागत नाही.