मुक्या मारासाठी निळा जेल पॅक: गार शेकायला उत्तम, गरम शेकायला बेताचा

मुका मार लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आसपास झिरपतं. मेडिकलमधल्या या पॅकचं खरं काम पहिल्या 48 तासांतच. थंडाव्याने वाहिन्या आकसतात, सूज आटोक्यात राहते. फ्रीझरमध्ये दोन तास ठेवूनही आतलं जेल मऊच, त्यामुळे गुडघ्या-घोट्याला नीट बसतं, बर्फाच्या खड्यांसारखं टोचत नाही. पातळ सुती फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं धरायचं, मग दोनेक तास सुट्टी. थेट कातडीवर ठेवलं तर गारठ्याने कातडीच भाजते. सोबतचं कव्हर मात्र भलतंच जाड, त्यापेक्षा रुमाल बरा.

दोन दिवसांनी गरम शेक. इथे पॅक लवकर निवतो. रबरी पिशवी केव्हाही उजवी. उकळत्या पाण्यात टाकलात तर कडेचा जोड सुटून जेल बाहेर.

जांभळा डाग हिरवा, मग पिवळा झाला तर घाबरू नका. रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन मोडून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन बनतं, त्याचे हे रंग. साधारण दोन आठवड्यांत जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा सूज वाढून टणक झाली, तर पॅकवर विसंबू नका, डॉक्टर गाठा.

घ्यायचाच तर पट्टा असलेला घ्या. हाताने धरून बसायला वेळ कोणाला आहे?