ए३२०, ७३७ की एटीआर? टाइप रेटिंगचे परीक्षण, बेसच्या अंगाने

टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक जातीचे विमान उडवण्याची परवानगी. त्याच्या कोर्सचे परीक्षण बहुतेकदा सिम्युलेटर किती नवा, प्रशिक्षक कसे आणि फी किती, एवढ्यावर आटोपते. इथे प्रश्न वेगळा आहे. या रेटिंगवर नोकरी लागली तर राहायचे कुठे? पायलटचा बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, कंपनीच्या नावापेक्षा विमानाच्या जातीवर जास्त ठरतो, आणि ताफा बदलला की बिऱ्हाड हलते.

यामागचा हिशेब तसा सोपा आहे. एका नॅरोबॉडी (मधे एकच वाट असलेल्या) विमानामागे पायलटांच्या साधारण पाच-सहा जोड्या लागतात: एक कॅप्टन आणि एक सहवैमानिक, म्हणजे फर्स्ट ऑफिसर. रजा, साप्ताहिक विश्रांती आणि सिम्युलेटर चेक त्यातच धरलेले असतात. म्हणून रात्री मुक्कामाला राहणारी दहा विमाने एका शहरातून दुसरीकडे गेली की शंभर-सव्वाशे पायलटांची जागा हलते. त्यात स्टँडबायची अडचण. बोइंग ७३७चा स्टँडबाय (आयत्या वेळी बोलावण्यासाठी राखीव) पायलट एअरबस ए३२०वर बसू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक जातीसाठी प्रत्येक बेसवर राखीव माणसे वेगळी ठेवावी लागतात. चार-पाच विमानांची जात तीन शहरांत पसरली तर तीन ठिकाणी माणसे नुसती फोनची वाट बघत बसणार. म्हणूनच छोटा ताफा एका-दोन बेसवरच कोंबला जातो, आणि ताफा आटू लागला की आधी लहान बेस बंद होतो.

या कसोटीवर ए३२० सरळ पुढे आहे. इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस तिघांकडेही हे विमान आहे. ए३२० असो वा ए३२१, सीईओ (जुन्या इंजिनांचे) असो वा निओ (नव्या इंजिनांचे), रेटिंग एकच. मे २०२३मध्ये गो फर्स्ट थांबली तेव्हा तिचा सगळा ताफा ए३२०चा होता, म्हणून तिच्या पायलटांना हेच विमान उडवणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांचे दार ठोठावता आले. उणी बाजूही आहे. निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांनी भारतात बरीच विमाने जमिनीवर बसवली. विमान उभे राहिले की त्याच्या फेऱ्या रोस्टरमधून जातात, कागदावर बेस तोच राहतो आणि उड्डाणाचे तास घटतात. शिवाय रेटिंगधारकांची गर्दी इथेच सर्वांत जास्त. मुंबईसारखा मागणीचा बेस नव्या फर्स्ट ऑफिसरला लगेच मिळेल, हे गृहीत धरू नये.

७३७ चांगले विमान, पण त्याचा नकाशा अरुंद. आकासाचा सगळा ताफा ७३७ मॅक्सचा आहे आणि तिची पहिली फेरी ७ ऑगस्ट २०२२ला मुंबईहून अहमदाबादला गेली. एकाच जातीचा ताफा म्हणजे अंतर्गत बदल्या सोप्या आणि धोका एकवटलेला. मार्च २०१९मध्ये मॅक्सवर उड्डाणबंदी आली, ती भारतात ऑगस्ट २०२१मध्ये उठली. त्याच २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि तिची काही ७३७ विमाने स्पाइसजेट व विस्ताराकडे गेली. विस्तारा तोवर निव्वळ एअरबसवाली होती. विमाने जिथे जातात तिथे रेटिंगवाल्यांना मागणी येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. एअर इंडिया एक्सप्रेसकडे दोन्ही जाती आहेत, म्हणून तिथे अर्ज करताना बेसची यादी जातीनुसार वेगळी मागावी.

एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानाला लोक उगाच नाक मुरडतात. इंडिगोने डिसेंबर २०१७मध्ये एटीआर हैदराबादहून सुरू केले. फ्लाय९१ मार्च २०२४पासून गोव्याच्या मोपा विमानतळावरून एटीआर ७२-६०० चालवते. जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर अशा मार्गांना हे विमान परवडते, कारण ८०पेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंग शुल्कात सवलत आहे. फेऱ्या आखूड, दिवसात लँडिंग भरपूर, आणि बऱ्याच रात्री आपल्याच घरी. मात्र बेस मोजके, आणि पुढे ए३२०वर जायचे तर पूर्ण टाइप रेटिंग नव्याने.

मोठ्या विमानांच्या बातम्यांवर बेसची स्वप्ने बांधू नयेत. एअर इंडियाच्या ए३५०ची लांब पल्ल्याची उड्डाणे दिल्लीतून सुरू झाली, म्हणजे ते रेटिंग घेणाऱ्या मुंबईकराने दिल्लीत घर बघावे. इंडिगोने जुलै २०२५मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला ७८७ सुरू केले, पण ती विमाने नॉर्स अटलांटिक या परदेशी कंपनीकडून डॅम्प लीजवर, म्हणजे पायलटांसकट भाड्याने घेतलेली: कॉकपिटमधली माणसे नॉर्सची. विमान मुंबईत दिसते, मुंबईत पायलटची जागा मात्र एकही निर्माण होत नाही.

पैसे भरण्याआधी एक तपासणी घरबसल्या करता येते. हव्या त्या शहरातून सकाळी सातच्या आत सुटणाऱ्या आणि रात्री अकरानंतर येणाऱ्या फेऱ्या मोजा, कंपनी आणि विमान वेगळे धरून. रात्री किती विमाने तिथे झोपतात याचा अंदाज येतो. एक-दोनच असतील तर कंपनी क्रूला हॉटेलात ठेवते, बेस उघडत नाही.

कोर्स देणाऱ्या संस्थेला प्रत्यक्ष विमानावरच्या लँडिंगचा सराव कोर्सच्या फीमध्ये धरला आहे का, तो कधी आणि कुठे होणार, हे लेखी विचारा. सिम्युलेटर उरकून विमानाची वाट बघत महिने जाणे ही इथली नेहमीची अडचण. कंपनीच्या करारात बाँडच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीच्या) काळात बेस बदलता येतो का, बदलीचा खर्च कोणाचा, आणि जात बदलली तर नवा बाँड लागतो का, ही तीन कलमे शोधा. सोडून जाणे सोपे नाही: डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाने नोटीस फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला (कॅप्टनला) वर्षभर.

होम बेसपर्यंतचा घरचा प्रवास ड्यूटीत धरला जात नाही, हेही पुणेकरांनी वाचून ठेवावे. पहाटे साडेचारचे रिपोर्टिंग असेल तर एक्सप्रेसवे मध्यरात्री गाठावा लागतो आणि झोप जाते ती स्वतःची. आता करारात ‘मुंबई’ एवढेच लिहिले असेल तर सांताक्रूझ की नवी मुंबई, तेही विचारा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून, म्हणजे उलव्याहून, उड्डाणे सुरू आहेत. पुण्याहून येणाऱ्याला ते सोयीचे, विरारवाल्याला दुप्पट वळसा.