शॅम्पेन चाखायला कुठे जावं: रँसचं मोठं घराणं की गावातला बागायतदार?

पॅरिसहून एक दिवस काढून शॅम्पेन प्रांतात जाणाऱ्यापुढे दोन पर्याय असतात: रँस किंवा एपर्नेतल्या नावाजलेल्या घराण्याकडे जायचं, नाहीतर खेड्यात स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणाऱ्या कुटुंबाकडे. तळघर बघायची हौस असेल तर पहिला, वाइन समजून घ्यायची असेल तर दुसरा. फक्त दुसऱ्याला अटी बऱ्याच आहेत, आणि त्या माहीत नसल्या की बंद फाटक बघून परत यावं लागतं.

मोठ्या घराण्याचं सगळं आखीव असतं. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनावरून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने पाऊण तासात रँस. तिकीट ऑनलाइन, वेळ ठरलेली, गाइड इंग्रजी बोलणारा. इथल्या काही तळघरांत रोमन काळापासून खणलेल्या खडूच्या खाणी आहेत. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं, आणि तो मान त्यांना शोभतो. पोमेरी या घराण्याकडे खाली उतरायला ११६ पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. आत वर्षभर १० ते १२ अंश, म्हणून जूनमध्येही स्वेटर हवा. साधारण तीस युरो किंवा त्याहून जास्त मोजून शेवटी हातात येतात एक-दोन ग्लास, तेही बहुतेक वेळा पॅरिसच्या दुकानात सहज मिळणाऱ्या वाइनचे.

छोट्या उत्पादकाकडे दाखवायला खाण नसते. असतात त्या शेड, दाबयंत्र, टाक्या आणि घराखालचं तळघर. पण टेबलावर तीन ते पाच बाटल्या उघडतात आणि ओतणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याने त्या वेलींची छाटणी केली. कुठे पंधरा-वीस युरो घेतात, कुठे बाटल्या घेतल्या की ते सोडून देतात, कुठे मागतच नाहीत. जिथे मागत नाहीत तिथे निदान दोन बाटल्या घ्याव्यात, असा न लिहिलेला रिवाज आहे. साधी ब्रूट (कमी गोड) बाटली फाटकावर वीस ते तीस युरोंच्या आसपास पडते, त्यामुळे तो जड जात नाही.

नाशिकच्या वायनरीत तिकीटखिडकी, रेस्टॉरंट आणि फोटोचा कट्टा बघून आलेल्यांनी इथे तशी अपेक्षा धरू नये. खायलाही बहुधा काही मिळत नाही, म्हणून नाश्ता करूनच जावं. मात्र पिशवीतले मसाला शेंगदाणे चाखणं संपेपर्यंत बाहेर काढू नयेत, कारण तिखटाने बधिर झालेल्या जिभेला पहिल्या दोन ग्लासांतला फरक कळत नाही.

घर निवडताना लेबलच्या तळाशी बारीक छापलेली दोन अक्षरं बघा. ‘आर-एम’ म्हणजे आपलीच द्राक्षं, आपणच केलेली वाइन. बाहेरची द्राक्षं जेमतेम ५ टक्के चालतात. ‘एन-एम’ म्हणजे द्राक्षं विकत घेणारा. सगळी मोठी घराणी यात येतात, पण शेजाऱ्याकडून थोडी द्राक्षं घेणारी छोटी कुटुंबंही येतात, म्हणून हे दिसताच नाक मुरडू नये. फसगत होते ती ‘आर-सी’मध्ये. त्यात द्राक्षं कुटुंबाची आणि लेबलही कुटुंबाचं असतं, पण वाइन सहकारी संस्थेत झालेली असते. माणसं प्रेमाने पाजतील, फक्त बघायला टाक्या नसतील. सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याच्या घरी जाऊन चरक शोधण्यासारखंच ते.

तिथे गेल्यावर काय बघावं? पारंपरिक दाबयंत्रात एका वेळी ४,००० किलो द्राक्षं जातात आणि त्यातून २,५५० लिटर रस घेता येतो. पहिला २,०५० लिटर उत्तम, उरलेला ५०० लिटर ‘ताय’, म्हणजे जरा भरड. ‘ताय’ कशात घालता, हे विचारलं की यजमान खुलतो. मग तिरक्या लाकडी फळ्यांच्या भोकांत मान खाली घालून ठेवलेल्या बाटल्या दिसतात. रोज थोड्या थोड्या फिरवत साका, म्हणजे बाटलीत साचलेला यीस्टचा गाळ, बुचाशी आणायचा, मानेतला भाग गोठवायचा आणि झाकण काढायचं. आतल्या दाबाने बर्फाचा तो साक्याचा खडा फट्कन बाहेर उडतो. जी जागा रिकामी होते ती वाइन आणि थोड्या साखरेने भरतात. हा शेवटचा साखरेचा हात किती, यावर लेबल ठरतं: लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ब्रूट, ६ पर्यंत एक्स्ट्रा ब्रूट, ३ च्या खाली आणि वरून साखर घातलीच नसेल तर ब्रूट नातूर. मागच्या लेबलवर साका काढल्याची तारीख असेल तर वाचा. काढून महिनाही झाला नसेल तर चव विस्कटलेली लागते.

चाखताना कोरड्यातून गोडाकडे आणि साध्यातून जुन्याकडे जा. थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, बागायतदारही थुंकतो. प्रत्येकी ५० मिलिलिटरचे पाच घोट गिळले तर पाव लिटर वाइन, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल झालं. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे, तेव्हा चालवणाऱ्याने गिळूच नये.

गाडी नसेल तर रँस–एपर्ने लोकल ट्रेनच्या वाटेवरचं गाव निवडा. रियी-ला-मोंतान्य आहे, किंवा ग्राँ क्रू या सर्वांत वरच्या दर्जाचं आई (हो, उच्चार आपल्या आईसारखाच). आवीझ, क्रामाँ ही शार्दोने या पांढऱ्या द्राक्षांची गावं सुंदर, पण तिथे टॅक्सीच हवी, आणि परतीची आधीच ठरवून ठेवावी.

वेळ ठरवायला दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. माणसं किती, भाषा कोणती, तारीख आणि तास एवढं लिहिलं की पुरे. रविवार बहुतेकांचा बंद, दुपारी १२ ते २ जेवणाची सुट्टी. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणी चालते. कायद्याने ती हातानेच करावी लागते, त्यामुळे घरातला एकही माणूस मोकळा नसतो आणि उत्तर न येणं हेच उत्तर असतं. आठ-दहा जणांचा गट, सोबत लहान मुलं किंवा ऐनवेळी बदलणारा बेत असेल तर सरळ मोठं घराणं गाठा. दोन-तीन जण असाल आणि बाटल्या घेणार असाल तर मोठ्याकडे जाऊन पैसे घालवू नका. दोन्ही करायची असतील तर सकाळी खाण आणि दुपारी अडीचला गाव, हा क्रम बसतो. एका दिवसात तीन छोटे उत्पादक मात्र नकोतच, तिसऱ्याकडे जीभ काही सांगत नाही.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि एक अर्धी. भरलेली एक बाटली १.६ किलोच्या आसपास भरते, काच दाबासाठी जाड असते. केबिनमध्ये नेता येत नाही, म्हणून मोज्यात घालून चेक-इन बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे येतील अशी ठेवा.