एका गालिच्यासाठी तीन फेऱ्या: लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय

पूर्वी एका पर्यटन कंपनीच्या सहलीत या संग्रहालयासाठी आमच्या वाट्याला पाऊण तास आला होता आणि तो दारापाशी फोटो काढण्यातच संपला. यंदा मुलीकडे मुक्काम असल्यामुळे हे संग्रहालय जिथे आहे त्या साउथ केन्सिंग्टन भागात तीन वेळा जाता आले. कायमस्वरूपी दालनांना प्रवेश विनामूल्य असल्याने एकाच दिवशी सारे पाहून टाकण्याची घाई करावी लागत नाही, आणि माझ्या मते या जागेचे खरे मोठेपण त्यातच आहे.

सर्वाधिक वेळ मी इस्लामी कलेच्या दालनातील अर्दबिल गालिच्यापाशी घालवला. सुमारे साडेदहा मीटर लांब आणि पाच मीटरहून अधिक रुंद असा हा इराणी गालिचा काचेच्या मोठ्या पेटीत जमिनीलगत पसरलेला आहे. प्रकाशाने रंग विटू नयेत म्हणून दालनात एरवी मंद उजेड असतो आणि दर अर्ध्या तासाने केवळ दहा मिनिटे उजेड वाढवला जातो. तो वाढला की गडद निळ्या पार्श्वभूमीवरच्या वेली आणि मधल्या पिवळ्या पदकाच्या दोन टोकांना विणलेले दोन दिवे, एक लहान व एक मोठा, स्पष्ट दिसू लागतात. एका टोकाला छोट्या चौकटीत मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हे साल विणलेले आहे. राजे-सरदारांची नावे कोरलेल्या वस्तू आपण पुष्कळ पाहतो. इथे मात्र काम करवून घेणाऱ्याचे नाव स्वतःला 'दास' म्हणवत उमटले आहे, आणि ते पाहताना मला गहिवरून आले.

प्लास्टरच्या प्रतिकृतींची दालने 'नकला' म्हणून टाळू नयेत. रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभाची प्रतिकृती छतात मावत नाही म्हणून दोन भागांत उभी आहे, आणि मूळ दगडावरचे हवेने झिजलेले काही बारकावे आज या एकोणिसाव्या शतकातील प्लास्टरवरच अधिक चांगले टिकले आहेत.

मुंबईकरांना एक गोष्ट विशेष वाटेल. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने. लंडनच्या संग्रहालयाला मात्र हे नाव १८९९ मध्ये मिळाले, तोवर ते साउथ केन्सिंग्टन म्युझियम होते. कामकरी लोकांना संध्याकाळी येता यावे म्हणून तिथे सुरुवातीच्या काळातच गॅसचे दिवे लावले गेले होते. आजही शुक्रवारी रात्री दहापर्यंत काही दालने खुली असतात. जमल्यास तीच वेळ निवडावी आणि बाहेर पडताना एक्झिबिशन रोडकडील भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बच्या तुकड्यांनी पाडलेले, मुद्दाम न बुजवलेले खड्डे हाताने चाचपून पाहावेत.